सून सासूला ‘आत्याबाई’ का म्हणते? ‘आत्या’ या शब्दाचे अर्थ आणि मूळ

मुंबईत वाढलेल्या आणि लग्नानंतर तासगाव तालुक्यात नांदायला आलेल्या एका मुलीने विचारले आहे की, तिच्या माहेरी ‘आत्या’ म्हणजे केवळ वडिलांची बहीण असताना सासरी मात्र सासूबाईंना ‘आत्याबाई’ आणि सासऱ्यांना ‘मामा’ म्हणावे, असे तिला पहिल्याच दिवशी सांगण्यात आले. या माणसांशी तिचे लग्नापूर्वी कोणतेही नाते नव्हते, मग ही हाक आली कोठून, आणि हा शब्द संस्कृतातला की कानडीतला, असे तिचे दोन प्रश्न आहेत. मराठीच्या बोली शिकवणे आणि कऱ्हाडपासून जतपर्यंतच्या गावांतून घरगुती शब्द टिपून ठेवणे हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे मी या दोन्ही प्रश्नांना जरा विस्ताराने उत्तर देते.

थोडक्यात सांगायचे तर ‘आत्या’ या शब्दाचा सासू हा अर्थ नुसत्या आदरापोटी किंवा लाडापोटी चिकटलेला नाही. ज्या काळी सून ही पुष्कळदा सासूच्या सख्ख्या किंवा चुलत भावाचीच मुलगी असे, त्या काळी ती लग्नाआधी जी हाक मारत असे तीच लग्नानंतरही मारत राहिली, आणि पुढे बाहेरच्या घरांतून आलेल्या सुनांनाही तीच हाक लागू झाली. शब्दाच्या मुळाबद्दल म्हणाल, तर तो संस्कृतातील ‘पितृष्वसृ’ या शब्दापासून आलेला नाही. तो ‘अत्ता’ या प्राकृत शब्दापासून आला आहे, आणि कानडीतील ‘अत्ते’ त्याच्याच कुळातला आहे.

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण तो ध्यानात न घेतल्यामुळेच बहुतेक गोंधळ होतो. आपल्याकडे नाते सांगण्याचा शब्द वेगळा असतो आणि हाक मारण्याचा वेगळा असतो. नवऱ्याचा भाऊ हा नात्याने दीर, पण त्याला कोणी ‘अहो दीर’ म्हणून हाक मारत नाही. तेथे ‘भाऊजी’ येते. नणंदेला ‘वन्सं’ म्हणण्याची रीत होती. त्याचप्रमाणे सासू हा नाते सांगण्याचा शब्द आहे. तो संस्कृत ‘श्वश्रू’पासून आला, आणि ‘श्वशुर’पासून सासरा आला. तिऱ्हाईताने विचारले तर तासगावची सूनही ‘ह्या माझ्या सासूबाई’ असेच सांगते. हाक मारताना मात्र ती ‘आत्याबाई’ म्हणते. नाते सांगण्याचा शब्द कागदोपत्री, निमंत्रणपत्रिकेत आणि परक्यांसमोर वापरला जात असल्यामुळे तो प्रमाण वळणाचा राहतो. हाकेचा शब्द मात्र उंबऱ्याच्या आत राहतो, त्याच्याकडे व्याकरण शिकवणाऱ्यांचे लक्ष जात नाही, आणि त्यामुळे नात्यांची जुनी रचना बहुधा हाकांमध्येच टिकून राहते.

आता त्या रचनेकडे वळू. एका घरातील बहीण लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली, तिला मुलगा झाला, आणि त्या मुलासाठी तिने आपल्या भावाची मुलगी सून म्हणून आणली, असे समजा. मुलाच्या बाजूने पाहिले तर त्याने मामाची मुलगी केली. मुलीच्या बाजूने पाहिले तर तिचे लग्न आतेभावाशी झाले, आणि तिची सासू ही तिची जन्मापासूनची आत्या आहे. अशी मुलगी सासरी आल्यावर नवी हाक शोधण्याचा प्रश्नच येत नाही. कालपर्यंत जिला ती आत्या म्हणत होती, तिला ती आजही आत्या म्हणते. सासऱ्याचेही तसेच आहे. आत्याच्या नवऱ्याला जुन्या मराठीत ‘आतोबा’ असा स्वतंत्र शब्द असला, तरी सातारा-सांगलीच्या गावांत त्याला ‘मामा’ म्हणण्याची पद्धत आहे. म्हणून सासराही आपोआप ‘मामा’ झाला. ब्राह्मण घरांतील ‘मामंजी’ हा सासऱ्यासाठीचा शब्द याच ‘मामा’ला ‘जी’ जोडून तयार झालेला आहे. जावयाने सासऱ्याला ‘मामा’ आणि सासूला ‘मामी’ म्हणणे हेही याच गणितात बसते, कारण मामाची मुलगी केलेल्या माणसाचा सासरा हा त्याचा मामाच असतो.

याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण महाभारतात आहे. कुंती ही मूळची पृथा, यादवांच्या शूराची मुलगी आणि वसुदेवाची बहीण. कुंतिभोजाकडे ती दिली गेली म्हणून कुंती झाली. सुभद्रा ही वसुदेवाची मुलगी. म्हणजे अर्जुनाने सुभद्रेशी विवाह केला तेव्हा त्याने मामाची मुलगी केली, आणि सुभद्रेच्या दृष्टीने तिची सासू तिची सख्खी आत्या होती. अभिमन्यू आणि बलरामाची मुलगी वत्सला यांची जी कथा आपल्याकडे लोकप्रिय आहे, तिच्यातही तेच नाते पुढच्या पिढीत पुन्हा दिसते. वत्सलेची सासू होणारी सुभद्रा ही तिची आत्याच. धर्मशास्त्रकारांनाही हा आचार ठाऊक होता. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडील पाच विशेष आचार सांगितले आहेत आणि त्यांत मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी विवाह करणे हा एक आचार आहे. उत्तरेकडील लोकांना तो खटकत होता आणि दक्षिणेत तो रूढ होता, हे त्या ग्रंथातूनच स्पष्ट होते.

मात्र मराठी मुलखाची रीत दक्षिणेहून एका बाबतीत निराळी आहे, आणि मला हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. कानडी मुलखात मामाची मुलगी आणि आत्याची मुलगी या दोन्ही दिशांनी संबंध होत आले आहेत. आपल्याकडील मराठा-कुणबी आणि इतर अनेक समाजांत मामाची मुलगी चालते, किंबहुना ‘हक्काची’ समजली जाते, पण आत्याची मुलगी करणे टाळले जाते. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातील नातेसंबंधांवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हा भेद नोंदवला आहे आणि महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या मधल्या विभागात ठेवले आहे. ज्या घरात लेक दिली त्या घरात पुन्हा लेक द्यावी, पण त्या घरची लेक माघारी आणू नये, असा याचा आशय आहे. लेकीचा वेल माघारी वळवू नये, अशा अर्थाचे बोलणे जुन्या बायकांच्या तोंडी असते. लेक देणारे घर आणि लेक घेणारे घर यांची जागा ठरलेली असते, आणि आत्या ही त्या दोन घरांच्या मधोमध उभी असते. एका घराची ती माहेरवाशीण असते आणि दुसऱ्या घराची सासू असते. बारशाला बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव ठेवण्याचा मान तिलाच का मिळतो, भावाच्या घरच्या कार्यात तिचा रुसवा सगळे इतक्या गांभीर्याने का घेतात, हे यावरून समजू शकते. ज्या बाळाचे ती नाव ठेवते ती मुलगी असेल, तर पुढे तिला सून म्हणून मागण्याचा पहिला अधिकार जुन्या काळी तिचाच असे.

नियम म्हटला की अपवाद आलेच, आणि एक ठळक अपवाद सातारा जिल्ह्यातीलच आहे. फलटणच्या नाईक-निंबाळकरांच्या घरातील सईबाई या शिवाजी महाराजांच्या राणी. बजाजी निंबाळकर हे त्यांचे भाऊ. सईबाईंची कन्या सखुबाई बजाजींचे पुत्र महादजी यांना दिली गेली. म्हणजे महादजींनी आत्याची मुलगी केली आणि सखुबाईंचे सासरे हे त्यांचे सख्खे मामा होते. वेल माघारी गेला तो असा. मोठ्या घराण्यांतील सोयरिकी राजकारणाची गरज पाहून होत असत, त्यामुळे अशा उदाहरणांवरून सामान्य घरांची रीत ठरवू नये. पण सासऱ्याला ‘मामा’ म्हणणे येथे अगदी शब्दशः खरे होते, हे मात्र लक्षात घ्यावे.

शब्दांच्या अर्थांतही ही रचना उतरली आहे. कानडीत ‘अत्ते’ म्हणजे आत्या, सासू आणि मामाची बायकोही. ‘माव’ म्हणजे मामा, सासरा आणि आत्याचा नवराही. दोन्ही दिशांनी लग्ने होत असल्यामुळे ही तिन्ही माणसे एकच ठरू शकतात, म्हणून तिघांना एक शब्द पुरतो. मराठीत मात्र मामाची बायको ‘मामी’ म्हणून वेगळी राहिली. तिला कोणी ‘आत्या’ म्हणत नाही. ‘आत्या’ने मराठीत दोनच अर्थ घेतले, वडिलांची बहीण आणि सुनेच्या तोंडची सासू. हे दोन अर्थ एकाच व्यक्तीत एकत्र येतात ते फक्त मामाच्या मुलीशी होणाऱ्या लग्नात, म्हणजे आपल्याकडे जी दिशा मान्य आहे तिच्यातच. शब्दाच्या अर्थाची मर्यादा आणि लग्नाच्या रीतीची मर्यादा इतक्या नेमकेपणाने जुळलेली पाहिली की, ‘सासूला आईच्या जागी मानावे म्हणून आत्या म्हणतात’ हे सर्रास दिले जाणारे स्पष्टीकरण मला स्वीकारता येत नाही.

‘भाची’ या शब्दाची साक्षही येथे काढायला हवी. तो संस्कृत ‘भागिनेयी’शी जोडलेला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ बहिणीची मुलगी एवढाच होतो. पुरुषाच्या बाबतीत मराठीने तो तसाच ठेवला. त्याच्या बहिणीची मुलगी भाची आणि भावाची मुलगी पुतणी. पण बाईच्या बाबतीत भावाची मुलगीही भाची झाली, जिथे ‘भगिनी’चा काहीच संबंध उरत नाही. शब्द संस्कृत वळणाचा राहिला आणि त्याच्या अर्थाची विभागणी मात्र दक्षिणेच्या पद्धतीने झाली. कानडीत ‘सोसे’ म्हणजे सून आणि भाचीही, ‘अळिय’ म्हणजे जावई आणि भाचाही. तेथे हे सगळे एकाच शब्दात उघड बोलले जाते. भावंडांचेही तसेच आहे. आपण ‘आते-मामे भावंडे’ अशी एक जोडी करतो आणि ‘चुलत-मावस’ अशी दुसरी. दुसऱ्या जोडीतील भावंडे ही सख्ख्यासारखी, त्यांच्यात लग्नाचा विचारही येत नाही. पहिल्या जोडीत तो येऊ शकतो. ‘आते’ आणि ‘मामे’ यांच्या शेवटी येणाऱ्या एकारावरून याहून मोठे अनुमान काढू नये, पण बोलताना आपण जोड्या कशा लावतो याला अर्थ निश्चित आहे.

आता मुळाचा प्रश्न. आईच्या बहिणीला संस्कृतात ‘मातृष्वसृ’ आणि वडिलांच्या बहिणीला ‘पितृष्वसृ’ असे एकाच साच्याचे शब्द होते. पहिल्यापासून प्राकृतातून येत येत मराठीत ‘मावशी’ झाली. दुसऱ्याची वाट मात्र प्रमाण मराठीत पुढे चालली नाही. हिंदीत ‘बुआ’ आणि ‘फूफी’, गुजरातीत ‘फोई’ असे शब्द आहेत, आणि खानदेशात अहिराणी बोलणाऱ्या घरांतही ‘फुई’ ऐकू येते. पण त्याच्या दक्षिणेला आले की ‘आत्या’चे राज्य सुरू होते. दोन बहिणींसाठी एकाच साच्यातले दोन शब्द उपलब्ध असताना मराठीने एक ठेवला आणि दुसऱ्याच्या जागी वेगळ्याच कुळातला शब्द घेतला. मावशीचे नाते लग्नाच्या या व्यवहारात येत नाही आणि आत्याचे येते, हे त्यामागचे कारण असावे असे माझे मत आहे.

‘अत्ता’ हा शब्द महाराष्ट्री प्राकृतात चांगलाच रुळलेला होता. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाथासप्तशतीच्या परंपरेतील एक गाथा प्रसिद्ध आहे, जिच्यात घरातील तरुण सून रातांधळ्या वाटसरूला दिवसाउजेडीच बजावते की, येथे सासू झोपते, येथे मी झोपते, नीट पाहून ठेव, रात्री माझ्या अंथरुणावर येऊन पडू नकोस. वरकरणी निषेध आणि आतून निमंत्रण असे तिचे स्वरूप असल्यामुळे आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वन्यालोक या काव्यशास्त्राच्या ग्रंथामध्ये ती उदाहरण म्हणून घेतली. त्या गाथेत सासूसाठी जो शब्द आला आहे तो ‘अत्ता’ हाच. पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने ज्या प्राकृत शब्दांची संस्कृतातून व्युत्पत्ती लागत नव्हती त्यांचा ‘देशीनाममाला’ हा कोश रचला, आणि त्यात ‘अत्ता’चे आई, आत्या, सासू आणि मैत्रीण असे चार अर्थ दिले. तासगावच्या सुनेला आज जो प्रश्न पडला आहे, त्यातील आत्या आणि सासू हे दोन्ही अर्थ त्या यादीत शेजारी शेजारी आहेत.

या ‘अत्ता’पासून मराठीत ‘आत’ होणे हे अगदी नियमाला धरून आहे. प्राकृतातील जोडाक्षर मराठीत येताना सुटे होते आणि त्याच्या आधीचा स्वर दीर्घ होतो: सत्तचे सात, हत्थचे हात, भत्तचे भात. तसेच अत्ताचे आत, आणि त्यावरून आते, आत्या. यावरून एक गोष्ट ठामपणे म्हणता येते की हा शब्द मराठीत अलीकडे शेजारच्या कानडीतून उचललेला नाही. तो उशिरा आला असता तर त्यातील दुहेरी ‘त’ कायम राहिला असता. हा बदल होण्याच्या आधीपासून तो आपल्या भाषेत आहे. मात्र मिरज, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात सून सासूला ‘आत्ती’ म्हणताना ऐकू येते, त्या उच्चारात दुहेरी ‘त’ ठसठशीत असतो. जत तालुक्यात कितीतरी घरांत मराठी आणि कानडी दोन्ही बोलल्या जातात, आणि तेथे शेजारणीच्या ‘अत्ते’मुळे हा उच्चार जोमदार राहिला असावा. म्हणजे शब्द जुना, आणि त्याच्या सीमेवरच्या रूपाला मात्र शेजाराचा आधार, अशी दुपदरी गोष्ट आहे.

मग प्राकृतात तो कोठून आला? तमिळमध्ये ‘अत्तै’, तेलुगूत ‘अत्त’, कानडीत आणि तुळूत ‘अत्ते’, असा हा शब्द अनेक द्राविडी भाषांत आहे आणि आत्या व सासू हे अर्थ त्याला तेथे आहेत. ही व्याप्ती पाहता प्राकृताने तो, किंवा किमान त्याचा हा जोडअर्थ, दक्षिणेकडूनच घेतला असे मला वाटते. दुसऱ्या बाजूने असे सांगितले जाते की ‘अत्ता’सारखे शब्द जगात अनेक भाषांत आहेत, गॉथिक या युरोपातील जुन्या भाषेत ‘अत्ता’ म्हणजे बाप, तुर्कीत ‘अता’ म्हणजे बाप. लहान मूल ओठ आणि जीभ हलवून जे पहिले आवाज काढते त्यांतून असे शब्द कोठेही स्वतंत्रपणे जन्माला येतात, हे खरेच आहे. म्हणून केवळ आवाजाच्या साम्यावर विसंबू नये. अर्थ जुळतो की नाही ते पाहावे. गॉथिकचा बाप आणि तमिळची आत्या-सासू यांत मराठी कोणाच्या बाजूची आहे, हे सांगायला व्युत्पत्तिशास्त्र फारसे लागत नाही. मोठ्या भावाला ‘अण्णा’ आणि मोठ्या बहिणीला ‘अक्का’ म्हणणेही आपल्याकडे दक्षिणेकडूनच आले, आणि ते शब्दही प्रामुख्याने हाकेचेच आहेत. परभाषेतील नात्याचा शब्द घरात शिरतो तो बहुधा हाकेच्या वाटेने.

आज मामाच्या मुलीशी लग्ने कमी झाली आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार भाऊ आणि बहीण यांच्या मुलांतील विवाह निषिद्ध नात्यांत मोडतो. दोन्ही पक्षांत तशी रूढी असेल तरच तो वैध ठरतो, आणि आपल्याकडे अनेक समाज या रूढीच्याच आधाराने असे विवाह करत आले. शिक्षणामुळे, दूरच्या सोयरिकींमुळे आणि जवळच्या नात्यातील लग्नांबाबत वैद्यकीय सल्ल्यामुळे तरुण मंडळी आता मामाच्या मुलीला बहीणच मानतात. रीत मागे पडली, तरी हाक अजून आहे. तीही आता ‘आई’ आणि ‘मम्मी’ यांना जागा देत चालली आहे, आणि मला त्याची हळहळ वाटते, कारण ‘आई’ या हाकेने कोणते घर कोणाला लेक देत होते याचा काहीच पत्ता लागत नाही.

राहता राहिला व्यवहाराचा भाग, कारण प्रश्न विचारणाऱ्या मुलीने शेवटी हेही विचारले आहे की घरात तीन-तीन आत्या झाल्या तर ओळखायचे कसे. तिच्या सासूबाई तिच्यासाठी ‘आत्याबाई’. येथे ‘बाई’ हा मान आहे आणि तो गाळू नये. तिच्या मुलांसाठी आत्या म्हणजे तिची नणंद. मुले सासूबाईंना आजीच म्हणतील, त्यामुळे त्यांचा गोंधळ होणार नाही. नवऱ्याच्या आत्येला नात्याने ‘आतेसासू’ म्हणतात, आणि हाक मारताना नवरा जे म्हणतो तेच म्हणावे. गावाचे किंवा त्यांच्या नावाचे विशेषण पुढे जोडले, जसे ‘विट्याच्या आत्या’ किंवा ‘पलूसच्या आत्या’, की घरात कोणालाही चूक होत नाही. आणि स्वतःच्या माहेरच्या आत्येला ती पूर्वीसारखीच नुसते ‘आत्या’ म्हणू शकते, ‘अगं’ जोडून, एकेरीत.